वरपक्षाने काही खाल्लं नाही

मे महिन्यात नगर जिल्ह्यात माणूस जातो तो एक तर लग्नाला, नाहीतर कोणी आजारी पडलं म्हणून. मी दोन्हींसाठी गेले. परत आल्यापासून भेटेल त्याला ही हकीकत सांगत सुटले आहे, तेव्हा घरातली माणसं म्हणाली, एकदाची लिहून काढ आणि आम्हाला मोकळं कर. म्हणून बसले आहे. बसणं हा काही माझा प्रांत नव्हे. माझ्या पायाला भिंगरी आहे हे आईने लहानपणीच केलेलं निदान अजून कुठल्या डॉक्टरने खोडलेलं नाही, आणि मी स्वतः डॉक्टर आहे.

मूळची मी संगमनेरची. आता पुण्यात डॉक्टरांना साथीचा माग काढायला शिकवते: कोण आजारी पडलं, कोण नाही, दोघांत फरक काय, हे घरोघर फिरून विचारायचं. गेलं वर्षभर आमच्याकडे आफ्रिकेतले काही डॉक्टर हे शिकायला आले होते. त्यांच्या देशांत साथ आली की तपासाला माणसं बाहेरून विमानाने येणार, आणि ती पोचेपर्यंत गावंच्या गावं आडवी होणार, असं चालत आलेलं. तेव्हा तिथलीच माणसं तयार करायची, त्यांनी परत जाऊन पुढची तयार करायची, असा सगळा बेत.

डॉ. अ‍ॅग्नेस त्यांतली एक. युगांडाच्या पश्चिमेकडची, डोंगराळ मुलखातली, उंच, शांत. तिच्या जिल्ह्यात हे काम करणारी ती एकटीच असणार होती. घरी जाण्याआधी एक तपास तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचा, मी फक्त दुभाषी म्हणून जायचं आणि तोंड बंद ठेवायचं, असं ठरलं होतं. दुभाष्याने तोंड बंद कसं ठेवायचं हे ठरवणाऱ्यांनी सांगितलं नाही.

अशात सोनईकडच्या एका आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी एसटीडी बूथवरून फोन केला. लग्नाचं वऱ्हाड हगवणीने झोपलंय, या. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं तिथे राहतात.

पांढरीपूल

नगर ओलांडलं आणि जीपचा पट्टा तुटला. चालक नवा पट्टा आणायला मागे गेला. मी जीपला प्रदक्षिणा घालत होते, घड्याळ बघत होते, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवर चिडत होते. अ‍ॅग्नेस लिंबाखाली बसून एका गुराख्याच्या गाई बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही फिरलात म्हणून पट्टा लवकर येणार आहे का?"

"नाही. पण मला बरं वाटतं."

ती हसली. वर्षभरात माझा स्वभाव तिला पाठ झाला होता. पट्टा आला तोवर दोन्ही पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. पांढरीपुलाला चहा घेतला. टपरीभोवती पोरं जमली, तिच्या वेण्यांकडे टक लावून बघायला लागली. मी हुसकावणार होते, तेवढ्यात तिने डोकं खाली करून एक वेणी पुढे धरली. एकाने हळूच हात लावला आणि सगळी हसत पळाली. मला मात्र राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

मुलीकडचं गाव

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पोचल्या पोचल्या सगळं सांगितलं. लग्न मुलीच्या दारात झालं. वऱ्हाड आलं नगर तालुक्यातून. घरी परतल्यावर वराकडची माणसं जुलाब-उलट्यांनी पटापट आडवी झाली. नवऱ्या मुलाच्या आत्याला सलाइन लावावं लागलं, म्हातारी जाते की राहते अशी वेळ आली. मुलीकडचं मात्र जवळजवळ कोणीच आजारी नाही. मग काय, शिळं घातलं, मुद्दाम घातलं, इथवर बोलणी गेली. मुलगी रीतीप्रमाणे परतवणीला माहेरी आली ती तिथेच राहिली. तिला न्यायला कोणी आलंच नाही.

"सुनंदा तिचं नाव," डॉक्टर म्हणाले. "साथ तशी आटोक्यात आहे. पण तुम्ही कारण सांगितलं नाहीत तर ही मुलगी काही सासरी जात नाही."

मुलीच्या वडिलांना गाव आण्णा म्हणतं. हडकुळा, कष्टाळू माणूस, कोणाशीही बोलताना दोन्ही हात आपोआप जुळणारा. त्यांनी आधी आम्हाला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी. अ‍ॅग्नेसने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. तिच्याकडेही शेंगदाण्याचा असाच दाट रस्सा करतात, आणि नाचणीसारख्या धान्याचा गोळा त्यात बुडवून खातात. सुनंदा वाढत होती. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. मी भाषांतर करून सांगितलं तशी तिने न विचारता आणखी एक पळी आमटी ओतली. "तुमच्याकडं मिरची असती का पर?" तिने विचारलं. अ‍ॅग्नेसच्या डोळ्यांतलं पाणी बघून उत्तराची गरज उरली नाही.

वऱ्हाडाकडे

आम्ही पुण्याहून छापील प्रश्न नेले होते. बुंदी खाल्ली का, भात खाल्ला का, वांग्याची भाजी, पुरी, आमटी, मठ्ठा. आजारी माणसांनी जे खाल्लं आणि धडधाकट माणसांनी खाल्लं नाही, तिथे चोर सापडतो. जगभर असंच करतात.

मुलाकडच्या गावात पहिल्याच घरात एक मिशाळ गृहस्थ बाजेवर पडले होते.

"लग्नात काय खाल्लंत?"

"काय खानार? नुसता घास चिवडला."

"बुंदी?"

"हात लावला न्हाई."

"भात?"

"शितं गिळली चार. यजमानाचा मान म्हनून."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. सगळं वऱ्हाड त्या दिवशी उपाशीच उठलं होतं म्हणायचं. मग मुलीकडे परत येऊन विचारलं तर तिथे उलट तऱ्हा. "लई झ्याक हुतं जेवान! सगळं खाल्लं, दोन-दोन डाव खाल्लं!" आपल्या दारच्या अन्नाला कोण नाव ठेवील?

संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात अ‍ॅग्नेसने गणितं मांडली. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "डॉक्टर, यावरून असं दिसतं की या लग्नात जो जेवला तो वाचला, आणि जो जेवला नाही तो आजारी पडला. सरकारला काय सुचवू? आजाऱ्यांना पुन्हा एकदा त्याच मांडवात जेवायला घाला?"

मला हसू आलं आणि संतापही आला. मी तिला मानपान समजावला. वरपक्ष कधी पोटभर जेवत नसतो. जेवलो म्हटलं, आवडलं म्हटलं, की रुसायला जागा उरत नाही. बुंदीचे चार-चार लाडू उडवून मिशा पुसत मांडवाबाहेर येतील आणि म्हणतील, घास चिवडला. उद्या सकाळी जाऊन सगळ्यांना खडसावते, असंही मी म्हणाले.

तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. "आमच्याकडे मुलाची माणसं गाई घेऊन येतात," ती म्हणाली. "मुलीकडचे त्यांना बाहेर ताटकळत ठेवतात. घासाघीस करतात. मुलाचा बाप वाकतो. तुमच्याकडे मुलगीही द्यायची आणि वाकायचंही मुलीच्याच बापाने?"

तिचा प्रश्न अगदी सरळ होता. मला तो झोंबला. मी उठून व्हरांड्यात येरझारा घालायला लागले.

"खडसावू नका," ती थोड्या वेळाने म्हणाली. "खडसावून कोणी खरं बोलत नाही. आमच्याकडेही नाही. हे लोक खुशीने काय सांगतील? न विचारता?"

"मान," मी म्हणाले. "कोणी मान दिला, कोणी दिला नाही. कोणी आग्रह केला, कोणी केला नाही. हे विचारलंत तर थांबायचेच नाहीत."

मग तिने छापील कागद उलटा केला.

आग्रह

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा गेलो ते त्या आत्याबाईंकडे. सलाइन निघालं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. उशीला टेकून बसल्या होत्या.

"आत्याबाई, लग्नात तुम्हाला आग्रह कोणी केला?"

"आग्रह?" त्यांचा आवाजच बदलला. "मांडवात? नाव नका काढू. कुनी इचारलं सुदिक न्हाई मला. म्या नवऱ्या पोराची सख्खी आत्या!"

"मग आग्रह झालाच नाही म्हणा की."

"झाला तर! न्हाई कसा? जानवशावर झाला. उतरल्या उतरल्या सरबत. आन् पेल्यात बर्फाचा ह्यो एवढा खडा! दामूनं, पोराच्या मामानं, सोता हातानं पाजलं. नको नको म्हनतानी तीन पेलं पाजलं."

जानवसा म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा, गावातली शाळा. मुलीकडच्यांना तिथे काही काम नव्हतं. मी भाषांतर करत होते आणि माझेच शब्द अडखळायला लागले होते. अ‍ॅग्नेसने एकच विचारायला सांगितलं: बर्फ कुठला? सरबताचं पाणी गावचंच होतं, आणि ते पिणारं गाव धडधाकट होतं.

"ह्यांच्या गावात कुठला बर्फ? दामूचा टेंपो हाय ना, त्यातनं लादी आनली येता येता. म्हनला, आपल्या मान्सांना गरम सरबत न्हाई पाजनार." सांगताना म्हातारीची मान ताठ झाली होती.

मग घरोघर तेच. कालचे उपाशी आज भडाभडा बोलत होते. ज्याचा मान मोठा, त्याला आग्रह जास्त. ज्याला आग्रह जास्त, त्याचे हाल जास्त. मागच्या गाडीतून उशिरा आलेल्या बायकांना सरबत मिळालंच नव्हतं. त्याबद्दल त्या अजून फुगून होत्या, आणि एकीच्याही पोटात दुखलं नव्हतं. सगळं तासाभरात जुळत गेलं. अ‍ॅग्नेस एरवी कधी आवाज चढवत नाही, पण जीपमध्ये बसल्यावर तिने दोन्ही हातांनी गुडघ्यांवर ताल धरला. "मी घरी गेल्यावर पहिलं काय शिकवणार माहीत आहे? प्रश्न विमानातून आणायचे नाहीत. ज्या गावात विचारायचे तिथेच बनवायचे."

मला तिचा फार अभिमान वाटला. तिला तसं सांगितलंही.

परतताना आण्णांना विचारलं, बर्फ कोणी आणला होता? त्यांचे हात जुळले. "आनला आसंल कुनीतरी. लगीनघाईत ध्यानात ऱ्हातंय का?" आणि म्हैस सोडायच्या निमित्ताने गोठ्याकडे निघून गेले. म्हैस मोकळीच होती.

घोडेगाव

दामूमामा गुरांचा व्यापारी. बाजाराचा वार होता, तेव्हा घोडेगावलाच सापडणार. तिथे पोचल्यावर अ‍ॅग्नेसला मी जवळजवळ गमावलंच. धूळ, हंबरणं, शिंगांना लावलेले रंग, उपरण्याखाली हात घालून बोटांनी चाललेले सौदे, आणि त्या गर्दीत ही बाई एकेका खिलारीच्या तोंडासमोर उभी. तिच्याकडच्या गाईंची शिंगं माणसाच्या हाताएवढी लांब असतात. ते ती एका शेतकऱ्याला हातांनी दाखवत होती, तो मान हलवत होता, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी तिला दंडाला धरून ओढली.

दामूमामा दिलखुलास माणूस निघाले. स्वतःही आजारी पडून उठले होते, गाल बसले होते. बर्फ? हो, आपणच आणला. त्यात काय लपवायचं? टेम्पो दाखवला. मागच्या फळीवर शेण, गवताच्या काड्या, ओल. नुकतीच दोन जनावरं उतरवली होती.

"लादी कशात ठेवली होती?" अ‍ॅग्नेसने विचारलं.

"कशात म्हंजे? हितंच. वर गोनपाट टाकलं."

"लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पोत काय होतं?"

"बाजार हुता की. गाया हुत्या." मग आमचे चेहरे बघून त्यांनी घाईने पुस्ती जोडली, "धुतला हुता पर! बादलीभर पानी मारलं."

अ‍ॅग्नेस वाकली. तिने फळीच्या फटीत बोट फिरवलं आणि शेणाने माखलेलं ते मला दाखवलं. दामूमामांनीही बघितलं.

आण्णांचं अंगण

दोन्हीकडच्यांना अ‍ॅग्नेसने आण्णांच्या अंगणात बोलावलं. येताना जीपमध्ये आमचं वाजलं. मी म्हणत होते, मामांचं नाव सरळ सांगून टाकू. ती म्हणत होती, नाव कशाला? खायचा बर्फ जनावरांच्या गाडीतून आणू नका, पाणी उकळून प्या, एवढ्याने आजार थांबतो. माणसाला उघडं पाडून काही थांबत नाही. तपास तिचा होता. मी दातओठ खात गप्प बसले.

मुलाचे वडील, तात्या, बाजेवर मधोमध बसले. लग्नाच्या दिवशी ते मागून जीपने आले होते, सरबताच्या वेळी नव्हते. नवरा मुलगा त्यांच्या मागे, मान खाली. दामूमामा कडेला. मुलीकडची उभी. चहा आला, वराकडच्या कोणी हात लावला नाही.

अ‍ॅग्नेस बोलली, मी सांगत गेले. जेवण चांगलं होतं. जेवणाने कोणी आजारी पडलं नाही. दोष बर्फात होता.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे बर्फ खराब पाजला आमाला!"

बर्फ कोणाचा हे ठाऊक असलेली वराकडची माणसं खाली बघत होती, दामूमामा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. आण्णा पुढे आले, दोन्ही हात जोडून. "चुकलं आमचं, तात्या. बर्फ आमीच आनला हुता. पदरात घ्या."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अ‍ॅग्नेसने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती म्हणाली, "नाव न सांगणं वेगळं. खोटं माझ्या नावावर नको. घरी गेल्यावर मी एकटी असणार आहे. माझ्यासमोर माणसं अदबीपायी खोटं बोलली आणि मी ते चालवून घेतलं, तर तिथे लेकरं मरतील. त्यांना पुन्हा विचारा. सगळ्यांसमोर."

मी विचारलं. "आण्णा, बर्फ कोणी आणला?"

"आमीच," आण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की पुढे विचारायचा मला धीर झाला नाही.

"न्हाई." आवाज दारातून आला. सुनंदा चौकटीला धरून उभी होती. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "बर्फ दामूमामांनी आनला, त्यांच्या टेंपोतनं. शाळा ह्या दारातनं दिसती, म्या सोता बघितला उतरवताना. मला न्या न्हाईतर नका नेऊ. पन आण्णांनी माफी मागायची न्हाई."

आण्णांनी डोक्याला हात लावला. तात्या सावकाश वळले.

"व्हय रं, दामू?"

"व्हय," दामूमामा म्हणाले. "मला वाटलं थंडगार प्याल."

तात्या उठले. कोणाकडे न बघता अंगणाबाहेर पडले, आणि त्यांच्या मागोमाग सगळे. चहाचे कप तसेच भरलेले राहिले. आण्णा भिंतीला टेकून बसले, बसले ते उठेनात. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज यायला लागला. त्या सुनंदालाच बोलत होत्या.

"मी मोडलं का हे लग्न?" अ‍ॅग्नेसने मला विचारलं.

खोटं सांगायची सोय नव्हती आणि खरं मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी आरोग्य केंद्राच्या मैदानाला इतक्या चकरा मारल्या की डॉक्टरांनी शेवटी विचारलं, बाई, काही हरवलंय का?

निघताना

सकाळी आम्ही निरोप घ्यायला आण्णांकडे गेलो. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं. अ‍ॅग्नेसने सांगितल्यापासून सुनंदा रोज पिण्याचं पाणी उकळत होती. तेवढं एक पातेलं चुलीवरून उतरवून ओट्यावर ठेवलं होतं, वर फडकं बांधलेलं.

मोटरसायकलचा आवाज आला. तात्या होते. एकटेच. बरोबर मुलगा नाही, मामा नाही, कोणी नाही. आण्णा धडपडत उठले, बाज झटकायला धावले. तात्यांनी हातानेच नको म्हटलं आणि ओट्याच्या पायरीवर बसले. मग दाराकडे बघून म्हणाले,

"सुनंदा, पानी दे बाई."

आजार सुरू झाल्यापासून या घरच्या पाण्याला त्यांच्यातल्या कोणी तोंड लावलं नव्हतं. आण्णांचे डोळे भरून आले. सुनंदा दारात आली, पण तिच्या हातात तांब्या नव्हता.

"उकळून निवाया ठिवलंय, मामंजी. आजून गरम हाय. वेळ लागंल."

"अगं, माठातलं दे की!" आण्णा कळवळून म्हणाले.

"माठात वापरायचं कच्चं पानी हाय," ती म्हणाली. "ते न्हाई द्यायची."

आण्णांनी भीतीने व्याह्यांकडे बघितलं. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पाय लांब केले.

"निवू दे," ते म्हणाले. "मी बसतो."